शूराचे आपण काय देणे लागतो?

सिंगापूरच्या ईस्ट कोस्टवर सुटीच्या दिवशी आपली मराठी मंडळी मुलाबाळांना घेऊन फिरावयास जातात. समोर नांगरलेल्या जहाजांची रांग दिसते. तेथून पूर्वेस चांगीला वळसा घातला की जोहोरची सामुद्रधुनी लागते. तेथे ३१ जुलै १९४५ रोजी घडलेली हकीकत आम्ही वाचकबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

एक्सई-३ ही ब्रिटिश आरमाराची चार माणसांची चिमुकली पाणबुडी 'ताकाओ' या जपानी क्रूझरच्या तळाखाली शिरली. तीत बेलफास्टचा जेम्स मॅगेनिस हा खलाशी पाणबुड्या म्हणून होता. दार पुरते उघडेना, तेव्हा तो अंग चोरून बाहेर पडला. जहाजाच्या तळावर साचलेला शिंपल्यांचा थर अर्धा तास खरवडून त्याने सुरुंग बसविले. त्याचे श्वसनयंत्र गळत होते. थकून आत येतो तो बाहेरची एक रिकामी सुरुंगपेटी सुटेना. कप्तान फ्रेझर स्वतः जाण्यास तयार होते, परंतु मॅगेनिसच पुन्हा उतरला व ७ मिनिटांत त्याने ती मोकळी केली. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

'ताकाओ' १९४४ सालीच टॉर्पेडोंनी जायबंदी झाली होती आणि या घटनेनंतर पंधरवड्यातच जपानने शरणागती पत्करली. मग हे धाडस व्यर्थ होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. शौर्याचे मोल फळावरून ठरत नाही. त्या घटकेस माणूस काय जाणतो व काय पत्करतो, यावरून ठरते.

अवघड प्रश्न पुढेच आहे. बेलफास्टच्या लोकांनी एकेक शिलिंग जमवून त्याला ३,००० पौंडांहून मोठी थैली दिली. ती काही वर्षांत संपली. १९५२ मध्ये त्याला पदक विकावे लागले. पुढे तो यॉर्कशरमध्ये इलेक्ट्रिशियनचे काम करून राहिला व १९८६ मध्ये वारला. बेलफास्टमध्ये त्याचे स्मारक उभे राहिले ते १९९९ मध्ये! 'गरज सरो, वैद्य मरो' म्हणतात ते हेच.

कोणी म्हणेल, पैसे त्यानेच उडविले, त्यात समाजाचा काय दोष? हे काही अंशी खरे आहे. पण पाण्याखाली निर्भय असलेला माणूस व्यवहारातही शहाणा असलाच पाहिजे, असा हट्ट आपण का धरावा? एका दिवसाचे शौर्य म्हणजे जन्मभर आदर्श राहण्याचा करार नव्हे. थैली दिली, हार घातला, की ऋण फिटले असे मानणे हीच आपली चूक होय.

आपल्याही घराण्यांतून पुष्कळजण फौजेत व आरमारात गेले. शाल-श्रीफळ देऊन आपण त्यांचा सत्कार करतो, ते योग्यच आहे. परंतु दुसऱ्या वर्षी, दहाव्या वर्षी, त्यांच्या दारी जाऊन 'कसे आहात?' असे किती जण विचारतात? आमच्या मते शूराचे खरे देणे ते हेच, आणि ते फेडण्यास पैसा लागत नाही.