अनोळखी खांदा

बाजारात मूल हरवणे ही काही जगावेगळी घटना नव्हे. दर जत्रेत, दर सणासुदीच्या खरेदीत कुणाचे ना कुणाचे मूल चुकते आणि बहुधा अर्ध्या-पाऊण तासात सापडतेही. पुढे ती गोष्ट घरात हसत हसत सांगितली जाते. आमच्या घरीही एक अशी गोष्ट आहे. मात्र ती सांगताना मी तिचा एक भाग आजवर गाळत आले आहे. आज तो भाग लिहावासा वाटतो; कारण त्या प्रसंगातला खरा प्रश्न त्या गाळलेल्या भागातच दडलेला आहे.

साल १९९४. नाताळच्या आदल्या आठवड्यातला शनिवार. मी आणि माझी नणंद लोकलने वसईहून दादरला खरेदीसाठी गेलो होतो. बरोबर माझी चार वर्षांची मुलगी होती. रानडे रोडवरच्या एका दुकानात कापड पाहताना मी तिचा हात सोडला. कापडाचा पोत बोटांनी चाचपून पाहण्यापुरताच. पुन्हा हात खाली केला, तेव्हा तिथे तिचा हात नव्हता.

पहिली काही मिनिटे मला नीट आठवत नाहीत. आठवते ते एवढेच की, दुकानदाराने हातातला गज खाली ठेवला आणि आपला पोऱ्या रस्त्यावर धाडला. पदपथावर रुमाल विकणाऱ्या एका मुलाने विचारले, "फ्रॉकचा रंग कोणता?" सकाळी ज्या हातांनी मी तो फ्रॉक तिला घातला होता, त्याचा रंग मला सांगता येईना. "पिवळा," नणंद म्हणाली. तो शब्द फेरीवाल्यांच्या रांगेतून माझ्यापुढे धावत गेला. मी ज्या टपरीपाशी पोहोचावे, तिथे तो आधीच पोहोचलेला असे. "पिवळा फ्रॉक ना? इकडे नाही आली, पुढे बघा बाई." ज्यांच्याशी मी मघापर्यंत दोन रुपयांसाठी घासाघीस करीत होते, ती माणसे आपल्या मालाकडे पाठ फिरवून माझ्या मुलीला शोधत होती.

घरी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत यानंतर एकदम मुलगी सापडते. गाळलेला भाग मधला आहे.

कबुतरखान्याजवळच्या गर्दीत, माणसांच्या डोक्यांच्या वर, मला पिवळा फ्रॉक दिसला. ती एका माणसाच्या खांद्यावर बसली होती. तो माझ्याकडे पाठ करून स्टेशनच्या दिशेने चालला होता. मळकी बंडी, डोक्याला गुंडाळलेला गमछा, हमाल असावा. तिच्या हातात बिस्कीट होते. ते बिस्कीट पाहताच माझ्या मनात उरलासुरला विचारही संपला. मी ओरडले, "धरा त्याला! माझी मुलगी पळवतोय!"

गर्दीला दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही. कुणीतरी त्याची मान धरली, कुणीतरी पाठीत गुद्दा घातला. तो हात उचलून अंग वाचवू शकत नव्हता. कारण खांद्यावरची मुलगी पडू नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी तिचे पाय धरून ठेवले होते. मार चुकवण्यासाठी त्याने ते पाय सोडले नाहीत. उलट तो हळूहळू गुडघ्यांवर बसत गेला, तिला जमिनीवर नीट उतरता यावे म्हणून.

तेवढ्यात पलीकडे गजरे विकणारी एक म्हातारी हातातला दोरा टाकून मध्ये घुसली. "अरे मेल्यांनो, मारता कुणाला? मघापासून 'कुणाची पोर, कुणाची पोर' करीत फिरतोय तो! पोर कबुतरांपाशी रडत होती. बिस्कीट मी दिलंय तिला. चौकीवर नेत होता तो तिला!"

हात थांबले. माझी मुलगी त्याच्या गमछ्याला घट्ट धरून रडत होती, ती माझ्याकडे येईना. आलेली माणसे जशी आली तशी पांगली. मी पाकिटातून दहाची नोट काढली. माझ्या आयुष्यातल्या लज्जास्पद कृत्यांत त्या नोटेची गणना मी करते. त्याने नोटेकडे पाहिलेही नाही. "बाई, आधी पोरीला पाणी पाजा," एवढेच म्हणाला आणि गर्दीत नाहीसा झाला. त्याचे नाव मी विचारले नाही. क्षमाही मागितली नाही.

प्रश्न असा आहे : मी चुकले का?

आईचे भय समजून घ्यावे, असे कोणीही म्हणेल. मी स्वतःही अनेक वर्षे मनाची हीच समजूत घातली. भय विचार करायला सवड देत नाही आणि जिथे निवड करायला सवडच नाही तिथे दोष कसला? पण हा युक्तिवाद मला पुरता पटलेला नाही. भयाला सवड नव्हती हे खरे. तरी त्याने निवड केली होती. त्या जागी इस्त्रीचा सदरा आणि चष्मा घातलेले एखादे गृहस्थ माझ्या मुलीला घेऊन चालले असते, तर मी "अहो, थांबा, थांबा!" असे म्हणत धावले असते. "धरा त्याला" हे शब्द त्या मळक्या बंडीने माझ्या तोंडी आणले. म्हणजे त्या क्षणी मी विचार केला नाही, हे निम्मेच सत्य झाले. विचार फार पूर्वी होऊन गेला होता आणि त्या क्षणी फक्त त्याचा उच्चार झाला. माझी जबाबदारी शोधायची तर ती त्या किंकाळीत शोधण्यापेक्षा, तिच्या आधीच्या तीस वर्षांत मी कोणाला माणूस म्हणून पाहायला शिकले आणि कोणाला नाही, यात शोधावी लागेल.

शंका घेणे आणि आरोप करणे यांतही अंतर आहे. मी धावत जाऊन मुलीला धरले असते, तर ती शंका झाली असती. तिचे निरसन दोन वाक्यांत होते. मी गर्दीला हाक मारून निवाडा तिच्या हाती दिला. गर्दीला निरसन नको असते.

ही गोष्ट एखाद्या गुद्द्यावर निभावली, हे माझे भाग्य, न्याय नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आमच्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवांच्या वातावरणात जमावाच्या हातून मारले गेले. या बातम्या वाचताना माझ्या घरातली माणसे हळहळत होती. मला मात्र माझाच आवाज ऐकू येत होता. राईनपाड्याला त्या पाचांच्या बाजूने ओरडणारी एखादी गजरेवाली वेळेत पोहोचली नाही, एवढाच काय तो फरक.

लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्रवचनांत आपल्याला नेहमी विचारले जाते : तुम्ही याजक आणि लेवी यांच्यासारखे बाजूने निघून जाल, की शोमरोन्यासारखे थांबाल? दादरच्या त्या दिवसानंतर मला तो दाखला रस्त्यावर पडलेल्या जखमी माणसाच्या जागेवरून दिसू लागला. तो अर्धमेला होता. आपल्यावर कोण ओणवला आहे, हे पाहण्याचे त्राण त्याला नव्हते. समजा, असते, समजा, त्याने डोळे उघडले असते आणि ज्यांचा आपण तिटकारा करावा असे त्याला शिकवले गेले होते, त्यांतलाच एकजण आपल्या अंगाला हात लावतो आहे हे पाहून तो "चोर, चोर" असे ओरडला असता तर? दाखल्यात तसे घडत नाही. दादरला घडले. मदत करणे कठीण आहेच. परंतु ज्याला आपण खालचा मानतो त्याच्या हातून मदत स्वीकारणे त्याहून कठीण आहे, कारण तिथे आपल्याला आपले माप बदलावे लागते.

त्याच शुभवर्तमानात हरवलेल्या मुलाचीही कथा आहे. जपमाळेच्या आनंदाच्या रहस्यांत पाचव्या क्रमांकाला आपण तिचेच मनन करतो. बारा वर्षांचा येशू वल्हांडणाच्या सणानंतर यरुशलेमेत मागे राहिला. तो सोबतच्या काफिल्यात असेल, असे समजून मरिया आणि योसेफ दिवसभराची वाट चालून गेले. त्यांचा निष्काळजीपणा म्हणून याकडे कोणी पाहत नाही. काफिल्यात कोणीतरी त्याच्याकडे पाहत असेलच, हा त्यांचा साधा विश्वास होता. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. त्या तीन दिवसांत तो रात्री कुठे निजला, त्याला भाकर कोणी दिली, याविषयी शुभवर्तमान काही सांगत नाही. पण परक्या शहरातल्या एखाद्या घराने त्याला आसरा दिला असणार, असे मला वाटते. त्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. माझ्या हमालाचेही नाव नाही.

आपली मराठी भाषा या बाबतीत आपल्याहून सूक्ष्म आहे. 'परका' आणि 'अनोळखी' असे दोन वेगळे शब्द तिने ठेवले आहेत. परका म्हणजे जो आपला नाही. अनोळखी म्हणजे ज्याची ओळख अजून झालेली नाही. आपण मुलांना "अनोळखी माणसाशी बोलू नकोस" असे बजावतो, आणि शिकवतो मात्र परकेपण. हेतू चांगला असतो, पण हिशेब चुकीचा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे सांगत आली आहे की, मुलांवरील लैंगिक अत्याचारांच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो. उलट जे मूल गर्दीत हरवते, त्याच्याभोवती अनोळखी माणसांखेरीज असते कोण? त्यांच्याशी बोलायचेच नाही असे शिकलेले मूल मुकाट रडत उभे राहील.

कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ साली मुंबईतच सुरू झाली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार, पालकांपासून दुरावलेले मूल ज्याला आढळेल त्याने चोवीस तासांच्या आत पोलीस, बालकल्याण समिती किंवा अशा सेवेला कळवणे बंधनकारक आहे. रस्त्यावरच्या अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देताना २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने तर त्या शोमरोन्याचेच नाव उसने घेतले. पण संशयाने उठलेल्या हातापुढे कलम आडवे येत नाही. तिथे एखाद्या माणसालाच आडवे यावे लागते.

माझी ती मुलगी आता स्वतः आई आहे. तिला तो दिवस आठवतो तो कबुतरांचा आणि उंचावरून दिसलेल्या गर्दीचा. मार तिला आठवत नाही, किंवा ती तसे म्हणते. आपल्या मुलाला ती असे शिकवते : हरवलास तर आहेस तिथेच थांब, दुकानदाराला, पोलिसाला किंवा मुले बरोबर असलेल्या बाईला मोठ्याने आपले नाव सांग, कोणाबरोबर दूर जाऊ नकोस. हे मला योग्य वाटते. यात सावधपणा आहे आणि तरीही जग दोन भागांत चिरलेले नाही.

गेल्या नाताळाच्या सुमारास वसईच्या बाजारात एक लहानगा रडताना मला दिसला. मी पुढे झाले आणि थबकले. कोणी पाहिले तर काय समजेल, हा विचार मला, पिकल्या केसांच्या निवृत्त शिक्षिकेला, शिवून गेला. तेव्हा कुठे त्या हमालाने काय पत्करले होते याचा मला अंदाज आला. मी त्या मुलाला कुठे नेले नाही. शेजारच्या भाजीवालीला हाक मारली आणि आम्ही दोघी त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून "कुणाचा मुलगा?" असे ओरडत राहिलो. थोड्या वेळाने त्याची आई धावत आली. तिने मुलाला हिसकून जवळ घेतले, माझ्याकडे जळजळीत नजरेने पाहिले आणि एक शब्दही न बोलता ती निघून गेली.

भाजीवाली चिडली. मी तिला म्हटले, "जाऊ दे. पोराला पाणी पाजेल ना ती, तेवढं पुरे."