थेंब, वारा आणि प्रमाद

भाताची खाचरे मोकळी झाली की शहापूर-मुरबाडात जिथे विहिरीचे वा ओढ्याचे पाणी पोचते तिथे भेंडी उभी राहते, आणि भेंडीमागोमाग पाठीवरचा पंप येतो. तुडतुडे, पांढरी माशी, फळ पोखरणारी अळी यांच्यावर फवारा मारायचा आणि एक दिवसाआड तोडा करून माल बाजारात धाडायचा. या कामात जीव मारला जातो हे उघड आहे. तो मारावा की मारू नये, इथवर येऊन अहिंसेची चर्चा बहुधा थांबते. मला वाटते, खरा प्रश्न त्यापुढचा आहे. मारायचे ठरवलेल्या किडीपलीकडे जे मरते, जे पोळते, त्याचा दोष कोणाचा? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर नोझलच्या भोकात आहे.

थेंबाचा व्यास निम्मा झाला की त्याचे पाणी आठव्या हिश्शावर येते. म्हणजे २०० मायक्रॉनच्या एका थेंबातून १०० मायक्रॉनचे आठ थेंब होतात. पान झाकायला बारीक थेंब चांगला, पण तो वाऱ्याच्या स्वाधीन असतो. १०० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सुमारे २५ सेंटिमीटर खाली येतो, २० मायक्रॉनचा जेमतेम एक सेंटिमीटर. मीटरभर उंचीवरून सुटलेला पहिला चार सेकंदांत खाली टेकतो. दुसरा मिनिटभराहून अधिक तरंगतो, आणि मंद झुळकेतही शेजारच्या शेतात, बांधावरच्या फुलांत किंवा फवारणाऱ्याच्या नाकात जाऊ शकतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पाणी उडून तो आणखी लहान होतो. फार मोठा थेंब पानावरून घरंगळून मातीत जातो, तो वेगळाच. म्हणून थेंब एका मापाचे पडणे हाच कारागिरीचा कस. हातपंपात हे माप सहज बिघडते. हात थकला की दाब उतरतो, थेंब जाड होतो. जोराने दांडा मारला की धुके सुटते. पितळी नोझल औषधाच्या कणांनी झिजते, आणि तुंबले म्हणून त्यात तार घातली की भोक कायमचे वाकडे होते. दाब ठरावीक ठेवणारी साधी झडप आणि सावकाश झिजणारे सिरॅमिकचे नोझल एवढ्याने यातले पुष्कळ सावरते.

याचा धर्माशी काय संबंध? मज्झिम निकायातल्या उपाली सुत्तात निर्ग्रंथ, म्हणजे जैन, आणि बुद्ध यांच्यातला एक जुना वाद आहे: कर्मात जड काय, शरीराची कृती की मनाचा हेतू? बुद्धाने हेतूला वरचे स्थान दिले, आणि अपघात व खून यांतला फरक कळण्यासाठी ते आवश्यकच होते. पण भरकटलेल्या थेंबापाशी हेतूचे माप अपुरे पडते. मधमाशीला मारावे असे कोणाच्याच मनात नव्हते, तरी ती मेली. इथे जैन विचार मला अधिक कामाचा वाटतो. त्याने हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात पाहिले, आणि हवेलाही जीवांचे शरीर मानले. तोंडापुढे वस्त्र धरणारे साधू नाशिक महामार्गावरून पायी जाताना दिसतात; आपल्या श्वासाचा फवारासुद्धा कोणाला लागू नये ही काळजी त्यामागे आहे. जी परंपरा श्वासाचा हिशेब ठेवते, तिला सोळा लिटरच्या टाकीचा हिशेब परका नसावा.

यावर कोणी म्हणेल, यंत्राला मन नाही, मग झिजलेल्या नोझलला प्रमाद कसा लागेल? नोझलला लागत नाहीच. पण जैन आचारात आणि योगसूत्रांतही हिंसेच्या तीन वाटा सांगितल्या आहेत: स्वतः करणे, करवून घेणे, अनुमोदन देणे. झडप वगळून पंप चार पैशांनी स्वस्त करणारा, तो विकणारा, मजुराच्या पाठीवर तो चढवणारा, यांचा वाटा दुसऱ्या वाटेत येतो. डाग नसलेलीच भेंडी हवी म्हणून अडून बसणारे शहरातले आपण तिसरीत येतो. यंत्रात बसवलेली बेफिकिरी बनवणाऱ्याच्या मनातूनच तिथे गेलेली असते. धातूत उतरल्यावर ती दर हंगामात, दर टाकीला पुन्हा घडते. माणसाची एखादी चूक तेवढी चिवट नसते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: नेमके मारण्याचे साधन शोधणे म्हणजे अहिंसा कशी? श्रावकासाठी, म्हणजे जैन गृहस्थासाठी, हिंसेचे जे चार प्रकार मानले गेले, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी, त्यांत शेतीतली हिंसा उद्योगी म्हणून क्षम्य ठरते. पण नांगराखाली चुकून आलेला जीव आणि ठरवून मारलेली अळी एक नव्हेत. हा आक्षेप मला मान्य आहे. नेमका फवारा अळीच्या बाबतीत कोणाला निर्दोष करत नाही. निंबोळी अर्क, कामगंध सापळे, पिकाची फेरपालट यांनी फवारणीच टळत असेल तर ती टाळणे हेच पहिले कर्तव्य. पण उरलेली फवारणी होणारच आहे, आणि पहिल्या दोषाची कबुली दुसऱ्या दोषाला मोकळीक देत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात पोचले. उंच वाढलेली कपाशी, एकात एक मिसळलेली औषधे, अंगावर कसलेही संरक्षण नाही, अशी अनेक कारणे एकत्र आली होती. त्यांतले एकही त्या मजुरांच्या हेतूत नव्हते.

गरीब शेतकऱ्यावर आणखी एक ओझे कशाला, हे म्हणणे खरे आहे, म्हणूनच हे ओझे त्याच्यावर नको. मुरबाडच्या माळावर पंप पाठीला लावणारा पुष्कळदा रोजंदारीवरचा कातकरी किंवा ठाकूर असतो. औषध निवडणे, नोझल बदलणे, वारा पडेपर्यंत थांबणे, यांतले काहीच त्याच्या हाती नसते. ते ज्यांच्या हाती आहे त्यांनी थांबावे. भेंडीचे फूल सकाळी उमलते आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत मिटते. मधमाश्या तोवर येऊन गेलेल्या असतात, आणि फवारणीला संध्याकाळ शिल्लक असते.