लोकांचा क्रोध आणि शिक्षेचें माप

नामांकित मनुष्याच्या हातून दुष्कर्म घडलें म्हणजे लोकांत दोन प्रकारचीं बोलणीं ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, "एवढा मोठा मनुष्य! ह्यास इतरांपेक्षां दुप्पट शिक्षा झाली पाहिजे." दुसरा पक्ष म्हणतो, "एवढा मोठा मनुष्य! एका अपराधापायीं ह्याचा सत्यानाश कां करावा?" हे पक्ष एकमेकांच्या विरुद्ध दिसतात खरे, परंतु दोघांचीही दृष्टि अपराधावर नसून अपराध्याच्या कीर्तीवर असते, असें आम्हांस वाटतें. ह्या प्रश्नाचा विचार करण्यास अमेरिकेंत घडलेला एक प्रसंग फार उपयोगी आहे. तो कांहींसा जुना झाला आहे, तरी त्यावरील वाद तिकडे पुनःपुन्हां उठत आला आहे. म्हणून तो आम्ही वाचकांपुढें मांडतों.

अमेरिकेंत ज्यास फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्याकडील फुटबॉलहून निराळा असून त्यांत चेंडू हातांत घेऊन धांवतात. ह्या खेळांत मायकेल व्हिक ह्या तरुणानें मोठें नांव मिळविलें होतें. तो व्हर्जिनिया राज्यांतील न्यूपोर्ट न्यूज शहरीं १९८० सालीं जन्मला व तेथील गरीब वस्तींत वाढला. २००१ सालीं अटलांटा येथील संघानें त्या वर्षींच्या सर्व नव्या खेळाडूंतून त्यास पहिला निवडलें, आणि २००४ सालच्या अखेरीस त्याच संघानें त्याच्याशीं दहा वर्षांचा तेरा कोटी डॉलरांचा करार केला. असंख्य मुलांस आपण त्याच्यासारखे व्हावें असें वाटत असे.

एप्रिल २००७ मध्यें व्हर्जिनियांतील सरी परगण्यांत त्याच्या मालकीच्या एका जागेची झडती झाली. शोध होता मादक पदार्थांचा. परंतु तेथें सांपडले ते पन्नासांहून अधिक कुत्रे आणि त्यांस झुंजविण्याचें साहित्य. हा धंदा कित्येक वर्षें चालला होता, आणि त्यास लागणारा पैसा व्हिक पुरवीत असे. २७ ऑगस्ट २००७ रोजीं त्यानें न्यायालयांत अपराध कबूल केला. जे कुत्रे परीक्षेंत कमी पडले, अशा सहा ते आठ कुत्र्यांस फांस देऊन, पाण्यांत बुडवून मारण्यांत आलें, व त्या कृत्यांत आपलाही भाग होता, असें त्यानें मान्य केलें.

सरकारी वकिलांनीं बारा ते अठरा महिन्यांची शिक्षा सुचविली होती. न्यायाधीश हेन्री हडसन ह्यांनीं १० डिसेंबर २००७ रोजीं तेवीस महिन्यांची दिली. ह्याचें कारण व्हिकची कीर्ति नव्हे. आपण काय काय केलें हें त्यानें पुरतें व खरेपणानें सांगितलें नाहीं, हें तें कारण. त्याच्या दोन साथीदारांस अठरा व एकवीस महिने शिक्षा झाली. म्हणजे न्यायाच्या तागडींत कोट्याधीश आणि त्याचे अप्रसिद्ध सोबती जवळजवळ सारखेच उतरले. शिवाय वांचलेल्या कुत्र्यांच्या पालनपोषणासाठीं सुमारें ९ लक्ष २८ हजार डॉलर व्हिककडून घेण्यांत आले. सुटकेनंतर तीन वर्षें देखरेख ठेवण्याचें ठरलें, व त्या मुदतींत त्यानें कुत्रा पाळूं नये असा हुकूम झाला. खेळाच्या मंडळानें त्यास दूर केलें, व्यापाऱ्यांनीं करार मोडले, आणि २००८ सालीं त्यास दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

येथवर न्यायालयाचें काम झालें. लोकांच्या न्यायालयाचें काम मात्र संपलें नाहीं. २००९ सालीं तो सुटून आला व फिलाडेल्फियाच्या संघानें त्यास ठेवून घेतलें, तेव्हां अनेकांनीं निषेध केला. पुढील वर्षीं तो उत्तम खेळूं लागतांच टाळ्यांचा गजर झाला. त्या वर्षाच्या डिसेंबरांत एक प्रसिद्ध भाष्यकार दूरचित्रवाणीवर म्हणाला कीं, ह्या मनुष्यास देहान्त शिक्षाच व्हावयास हवी होती. आणि त्याच सुमारास खुद्द राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांनीं, व्हिक ह्यास दुसरी संधि दिल्याबद्दल, संघाच्या मालकाची वाखाणणी केली. २०१९ सालीं, म्हणजे शिक्षा भोगून दहा वर्षें झाल्यावर, एका मोठ्या सामन्यांत त्यास मानाचें पद देण्याचें ठरलें, तेव्हां लक्षावधि लोकांनीं त्याविरुद्ध सह्या केल्या.

आतां आमचा पहिला प्रश्न असा: हा अपराध लहान होता काय? मुळींच नाहीं. कुत्रा हा मनुष्यावर विश्वास ठेवणारा प्राणी आहे. धनी बोलावील तिकडे तो जातो, आणि धन्याच्या समाधानासाठीं स्वतःचा जीव देतो. त्याच्या ह्या इमानाचाच उपयोग करून त्यास रक्तबंबाळ करावयाचें, व तो हरला म्हणजे मारून टाकावयाचें, हें क्रूरपण तर आहेच, पण विश्वासघातही आहे. जो मुका आहे त्यास फिर्याद करतां येत नाहीं, साक्ष देतां येत नाहीं; म्हणून त्याच्यावरील जुलमाचा झाडा घेणें हें समाजाचें अधिकच मोठें कर्तव्य ठरतें.

ह्यावर एक आक्षेप त्या वेळीं घेण्यांत आला, व तो आपण टाळूं नये. व्हिक हा तेथील काळ्या समाजांतला आहे. त्या समाजांतील अनेकांनीं विचारलें कीं, आमच्या मुलांवर अन्याय झाला असतां जे स्वस्थ बसतात, तेच कुत्र्यासाठीं एवढे कां खवळतात? ह्या प्रश्नांतील वेदना आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. ज्या तळ्यावर गुराढोरांस पाणी पिण्याची मोकळीक, परंतु मनुष्यास मज्जाव, अशीं तळीं ह्या देशांत होतीं, आणि अनेकांच्या वाडवडिलांनीं तीं पाहिलीं. परंतु त्या अन्यायाचा उपाय म्हणून ढोरांचें पाणी तोडावें, असें कोणीं म्हटलें नाहीं. मनुष्यासही पाणी मिळावें, हेंच मागणें होतें. तसेंच येथें. कुत्र्याविषयींची दया कमी करून मनुष्याची किंमत वाढत नाहीं.

दुसरा प्रश्न कीर्तीचा. कीर्तीमुळें शिक्षा वाढावी काय? कीर्तीमुळें कर्तव्य वाढतें, हें आम्हांस मान्य आहे. जे लक्षावधि तरुण तुझ्याकडे पाहत होते त्यांचीही क्षमा मागावयास हवी, अशा अर्थाचें त्या न्यायाधीशांनीं व्हिक ह्यास बजाविलें, व तें योग्यच होतें. परंतु नांव, धंदा व धन गेलें तेव्हां कीर्तीचा दंड कीर्तीनेंच वसूल केला. त्यावर आणखी कैदेचे महिने चढविणें म्हणजे एकाच अपराधाची दोनदां वसुली होय. उलट, कीर्तीमुळें शिक्षा कमी झाली असती, तर तो त्या मुक्या जीवांवर दुसरा जुलूम झाला असता.

लोकांच्या क्रोधांत मोठी उणीव ही कीं, त्यास माप नसतें व शेवटही नसतो. नाथान संदेष्ट्यानें दावीद राजास गरिबाच्या कोंकराची गोष्ट सांगितली, तेव्हां राजानें तत्क्षणीं त्या श्रीमंतास मरणास योग्य ठरविलें. कोंकरासाठीं त्यास आलेला राग खोटा नव्हता. परंतु त्या रागाच्या भरांत आपला स्वतःचा हिशेब द्यावयाचा राहिला आहे हें तो विसरला. टाळ्यांचीही हीच गत. व्हिक सामने जिंकूं लागला म्हणून ज्यांनीं त्यास जवळ केलें, त्यांनीं त्यास क्षमा केली असें आम्ही म्हणत नाहीं. तो हरत राहिला असता तर त्यांनीं काय केलें असतें? जी क्षमा खेळांतील गुण मोजून मिळते ती क्षमा नव्हे, तो सौदा आहे.

मग खरें माप कोणतें? आमच्या मतें ह्याचा धडा त्या कुत्र्यांच्याच कथेंत आहे. झुंजीचे कुत्रे कायमचे बिघडलेले असतात, ते कधीं सुधारत नाहींत, म्हणून सर्वांस मारून टाकावें, असा तोपर्यंतचा प्रघात होता. प्राण्यांसाठीं झटणाऱ्या कांहीं मोठ्या संस्थांचेंही मत तेंच पडलें. परंतु ह्या वेळीं एकेका कुत्र्याची निराळी परीक्षा झाली. एकूणपन्नास कुत्रे पारखले गेले. त्यांत फार हिंस्र म्हणून एकासच मारावें लागलें, व एक आजारामुळें गेला. बाकीचे सत्तेचाळीस वांचले. त्यांतील बावीस, ज्यांस अधिक काळजीची गरज होती, यूटा राज्यांतील कॅनाब येथील आश्रमांत गेले. कांहीं पुढें कुटुंबांत रुळले, आणि एक तर वाचावयास शिकणाऱ्या मुलांजवळ शांतपणें बसूं लागला. ज्यांचा निकाल जातीवरून लागावयाचा होता त्यांचा निकाल एकेकाच्या वर्तनावरून लागला. अत्याचार सोसणाऱ्या प्राण्यास जो न्याय मिळाला, तोच अत्याचार करणाऱ्या मनुष्यासही मिळावा, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

वर्तनाची ही परीक्षा कशी करावी? शिक्षा आणि विश्वास ह्या दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवाव्या. शिक्षा न्यायालय ठरवितें, आणि ती भोगली म्हणजे संपते. विश्वास मुदतीनें परत येत नाहीं; तो हळूहळू मिळवावा लागतो, आणि मानाच्या पदावर कोणाचाही हक्क नसतो. जक्कयानें पश्चात्ताप झाला असें नुसतें म्हटलें नाहीं, तर ज्यांचें घेतलें होतें त्यांस चौपट परत देण्याचें कबूल केलें. व्हिकच्या मनांत काय आहे तें आम्हांस दिसत नाहीं; परंतु त्यानें केलेलें मोजतां येतें. सुटल्यावर तो तरुणांच्या सभांतून झुंजींविरुद्ध बोलत फिरला. २०११ सालीं झुंजी पाहणाऱ्यांसही शिक्षा व्हावी ह्या मागणीस त्यानें वॉशिंग्टन येथें पाठिंबा दिला, आणि २०१४ सालीं तसा कायदा झाला; सोळा वर्षांखालील मुलास झुंज पाहावयास नेणें हा तर त्यांत अधिक गंभीर अपराध ठरला. अनेक वर्षांच्या मिळकतींतून त्यानें आपलीं बहुतेक देणीं फेडलीं. ह्यानें मेलेले कुत्रे परत आले नाहींत. तरी झालेल्या हानीकडे तोंड करून उभें राहणें ह्यासच पश्चात्ताप म्हणतात.

आपल्या गांवीं असा कोट्याधीश खेळाडू नाहीं, परंतु जत्रेंत कोंबड्यांच्या झुंजी व रेड्यांच्या टकरी आहेत. प्राण्यांस झुंजविणें हा १९६० च्या कायद्यानें ह्या देशांतही अपराध आहे. मात्र पहिल्या अपराधास त्या कायद्यानें ठेवलेला दंड पन्नास रुपयांपर्यंतचाच, व तो भरून हंसत परतणें कोणासही कठीण नाहीं. म्हणून जेथें कायद्याचें माप अपुरें आहे तेथें आपण रिंगणाभोंवतीं उभे न राहावें, आणि मुलांस तिकडे नेऊं नये. पाहणारे नसले तर झुंज लागत नाहीं.

आणि शिक्षा भोगून आलेला मनुष्य गांवांत परतला म्हणजे त्याच्याविषयीं आपण कसे वागतों, हेंही मंडळीनें व उपदेशकांनीं पाहावें. त्यास लागलीच पंच करावें असें कोणी म्हणत नाहीं. खजिन्याची किल्लीही त्याच्या हातीं देऊं नये. परंतु त्यास काम द्यावें, पंक्तींत बसवावें, आणि ज्याची हानि त्यानें केली त्याचें भरून देण्याचा मार्ग त्यास दाखवावा. न्यायाधीशानें सांगितलेले महिने संपले असतां आपण त्यांत स्वतःचे महिने वाढवूं नयेत.