न घडलेल्या गाडीचा इसार

ग्वाल्हेरात गाडी घ्यायची ती मेळ्याच्या हिशेबाने. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेल्या या व्यापार मेळ्यात शासन ज्या वर्षी वाहनांच्या रस्ता करात निम्मी सूट देतं, त्या वर्षी आमच्या दर्पण कॉलनीतही बुकिंगची बोलणी आधीपासून सुरू होतात. त्या रकमेला कुणी गुंतवणूक म्हणत नाही. गाडी तयार असते, किंमत ठरलेली असते, सूट जाहीर होण्याची वाट पाहायची एवढंच. मी मात्र विजेवर चालणाऱ्या अशा एका गाडीसाठी पैसे भरले आहेत, जी अजून घडलेलीच नाही. आणि पैसे भरल्यापासून मला ग्राहकाचा नव्हे, भागीदाराचा अभिमान वाटतो. धूर नसलेल्या उद्याच्या शहराला आपण हातभार लावला, असं मन सांगत राहतं. या अभिमानावर माझा हक्क आहे का, हे तपासून पाहणं मला गरजेचं वाटतं.

आधी कायद्याच्या आरशात पाहतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे किमतीचा काही भाग दिला आणि उरलेला देण्याचं वचन दिलं तरी मी ग्राहक ठरतो. पण वस्तू पुन्हा विकण्यासाठी घेत असेन, तर ते संरक्षण मला नाही. म्हणजे कायदासुद्धा आधी माझा हेतू विचारतो. कंपन्यांच्या ठेवींविषयीचे २०१४ चे नियम सांगतात, की मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत त्या मालाच्या किमतीत वळती झाली नाही, तर ती ठेव मानली जाते. ग्राहक, फार तर ठेवीदार. पण यातल्या कुठल्याही पायरीवर मी भागधारक होत नाही.

कंपनी बुडाली तर? दिवाळखोरी संहितेत २०१८ साली दुरुस्ती होऊन घराचे पैसे भरून बसलेल्यांना बँकांसारखं वित्तीय धनको मानलं गेलं. गाडीचे पैसे भरणाऱ्याला ते स्थान नाही. मालासाठी आगाऊ रक्कम देणारा हा व्यवहारी धनको, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निर्णय आहे. कंपनीला वित्तीय धनको असतील, तर धनकोंच्या समितीत या व्यवहारी धनकोला मत नसतं. मालमत्ता विकून पैसे वाटायची वेळ आली, तर कामगार, तारण घेतलेल्या बँका, इतर वित्तीय धनको आणि सरकार यांच्यानंतर त्याचा क्रम येतो. त्याच्याही मागे उरतात ते फक्त भागधारक. म्हणजे धोका जवळजवळ भागधारकाइतकाच, आणि नफ्यात मात्र वाटा नाही.

हा फरक पैशांत केवढा असतो, ते एका उदाहरणावरून कळतं. २०१६ साली टेस्लाच्या मॉडेल थ्रीसाठी भारतातूनही काहींनी १,००० डॉलर भरले. कंपनीचं दालन मुंबईत उघडलं ते जुलै २०२५ मध्ये, आणि तिथे विक्रीला आली ती मॉडेल वाय. मधल्या काळात कंपनीचा शेअर कित्येक पटींनी वाढला. २०१६ मध्येच त्या हजार डॉलरचे ज्याने शेअर घेतले, त्याची रक्कमही तितक्याच पटींनी वाढली. ज्याने नाव नोंदवलं, त्याचं कंपनीकडे येणं हजार डॉलरच राहिलं.

आपल्याकडची नॅनोची नोंदणी आठवते. ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांना नॅनोचा सिंगूरचा कारखाना सोडावा लागला आणि साणंदचा नवा कारखाना अजून उभा राहायचा होता. तरी एप्रिल २००९ मध्ये २ लाख ३ हजार लोकांनी पूर्ण रक्कम भरून नाव नोंदवलं आणि कंपनीकडे सुमारे २,५०० कोटी रुपये जमा झाले. सोडत काढून पहिले १ लाख ग्राहक निवडले गेले. उरलेल्यांपैकी ज्यांना थांबायचं होतं, त्यांच्या रकमेवर व्याज देऊ केलं. व्याज हे उसनवारीचं मोल आहे. भागीदाराला व्याज नव्हे, लाभांश मिळतो. पुढे नॅनो अपेक्षेइतकी खपली नाही, २०१८ मध्ये तिचं उत्पादन जवळपास थांबलं. तो तोटा भागधारकांनी सोसला. ज्यांना गाडी मिळाली, त्यांचा हिशेब गाडी हाती आली त्याच दिवशी पुरा झाला होता.

मग बुकिंग कधी गुंतवणूक झालंच नाही का? झालं, आणि तो इतिहास माझ्या मनाला अधिक टोचतो. परवान्यांच्या काळात आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत. अनामत रक्कम टपाल खात्याच्या बचत खात्यात ठेवून पासबुक विक्रेत्याकडे तारण द्यावं लागे. त्या काळात काही जण घरातल्या चार नावांवर नोंदणी करत आणि नंबर लागला की ठरलेल्या किमतीवर 'ऑन' घेऊन स्कूटर विकत. त्यांना खरोखर नफा झाला. पण तो कारखान्याच्या नफ्यातून आला नव्हता. ज्याला कामावर जाण्यासाठी स्कूटर आजच हवी होती आणि जो आणखी वर्षं थांबू शकत नव्हता, त्याच्या खिशातून तो आला होता. माझ्या मनात कुठे तरी 'नंबर लागला तर चढ्या भावाने देता येईल' असा विचार आहे का, हे मी स्वतःला विचारलं. तो विचार डोकावून जातो, हे नाकारता येत नाही. त्याला जागा द्यायची नाही, एवढं मी ठरवू शकतो.

त्याहून सूक्ष्म प्रश्न आकड्यांचा आहे. २०२१ मध्ये ओलाच्या विजेच्या स्कूटरसाठी ४९९ रुपये भरून पहिल्या चोवीस तासांत लाखभर लोकांनी नाव नोंदवलं. एवढ्या रकमेतून कारखाना उभा राहत नसतो. पण मागणीचा असा आकडा बँकांना, सुटे भाग पुरवणाऱ्यांना आणि खऱ्या गुंतवणूकदारांना दाखवता येतो. म्हणजे मी देतो ते भांडवल नसतं, ती साक्ष असते. 'मला ही गाडी हवी आहे' असं मी जाहीरपणे सांगतो आणि त्यावर विसंबून कुणी कर्ज देतो, कुणी यंत्रं मागवतो, कुणी नोकरी सोडून तिथे रुजू होतो. परत मिळणाऱ्या रकमेचं बुकिंग रद्द करणं हा माझा हक्क आहे. पण गाडी घ्यायचीच नसताना, पहिल्यांमध्ये आपलं नाव असावं एवढ्यासाठी मी ते पैसे भरले, तर माझी साक्ष खोटी आहे. न्यायालयात खोटं बोलायला मी धजणार नाही. मग फोनच्या पडद्यावर बोट लावताना तेवढाच खरेपणा का नको?

आणि ही साक्ष कारखान्यापुरती राहत नाही. शेजारच्या एका मुलाने मला विचारलं, "काका, तुम्ही पैसे टाकलेत, मग मीही एफडी मोडून टाकू का?" त्याला नोकरी लागून फार दिवस झालेले नाहीत. गाडी आली नाही तर मला हळहळ वाटेल. त्याची वर्षभराची बचत अडकेल. मी त्याला म्हटलं, "हे पैसे गुंतवणुकीचे नाहीत. गेले तर चालतील एवढेच भर. एफडी मोडू नकोस. आणि ही गाडी तुला चालवायची असेल, तरच भर." माझा उत्साह त्याच्या पैशाने मोठा करण्याचा मला अधिकार नाही.

तेव्हा माझा निवाडा असा: पैसे भरून मी गुंतवणूकदार झालेलो नाही. मी वाट पाहणारा ग्राहक आहे, तारण नसलेला धनको आहे आणि एका मागणीचा साक्षीदार आहे. या नात्याने मला गाडी मागण्याचा किंवा पैसे परत मागण्याचा पूर्ण हक्क आहे, तो मी संकोच न करता बजावीन. भविष्य घडवल्याचं श्रेय मात्र माझं नाही. ते ती गाडी घडवणाऱ्यांचं आणि तिच्या नफ्यातोट्याला बांधलेल्यांचं. माझ्यासारख्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे, की खरोखर घ्यायची असेल तीच गाडी नोंदवा, नोंदणीची पावती जपून ठेवा, आणि दुसऱ्याला सल्ला देताना या व्यवहाराला गुंतवणूक म्हणू नका.