मोट्लिंगनची मंडळी कशी वाढली



आमच्या खेड्यांत कोणी आजारी पडलें म्हणजे मंडळीचे वडील त्याच्या खाटेभोंवतीं जमून प्रार्थना करितात. हें योग्यच आहे. याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायांत तशी आज्ञा आहे. पण रोगी उठला नाहीं, तर घरच्यांचा विश्वास उणा पडला असें आम्ही किती वेळां बोललों आहों! अशा बोलण्यानें किती विधवांचें काळीज जळलें असेल, तें प्रभूस ठाऊक.

जर्मनींतील वुर्टेंबर्ग प्रांतांत मोट्लिंगन नांवाचें खेडें आहे. सन १८३८ सालीं योहान क्रिस्टोफ ब्लूमहार्ट तेथें पाळक होऊन आले. त्यापूर्वीं ते बाझल येथें मिशनरी उमेदवारांस शिकवीत असत. (धारवाड व मंगळूर या बाजूस ज्या मिशननें काम केलें, तेंच हें.) गांवचे लोक उपदेश ऐकून ऐकून निबर झाले होते. त्यांत गोट्लीबीन डिट्टस ही एक गरीब, रोगट तरुणी. तिला विलक्षण पीडा होई, औषधोपचार थकले. पाळकसाहेब प्रथम तिच्या घरीं जावयास कचरले, पण १८४२ सालापासून प्रार्थना व उपवास करीत तिच्यासाठीं झगडूं लागले. १८४३ च्या डिसेंबरअखेर येशूच्या जयाची आरोळी उठली आणि ती मोकळी झाली.

आतां नवल पाहा. १८४४ सालीं लोक पाळकाच्या दारीं येऊं लागले, ते आधीं दुखणें घेऊन नव्हे, तर पाप घेऊन. एकानें कबुली दिली, मग दुसऱ्यानें, मग जवळजवळ सारा गांव आला. जुनीं वैरें मिटलीं. पापक्षमेसाठीं डोक्यावर हात ठेविला असतां कित्येकांचीं दुखणींही गेलीं. मग परगांवची रीघ लागली, आणि वरिष्ठांनीं पाळकास रोग्यांविषयीं मनाई केली. अखेर १८५२ सालीं त्यांनीं बाड बोल येथील गंधकाच्या झऱ्याचें जुनें स्नानगृह घेतलें व तेथें दुःखितांचें घर वसविलें.

गोट्लीबीन त्याच घरीं सेवा करीत राहिली. १८७२ सालीं ती वारली. शेवटच्या दुखण्यांतून उठली नाहीं. ज्या बाईपासून हें सारें उगवलें, तिच्यासाठीं तेथें प्रार्थना कमी झाली असेल काय? १८८० सालीं ब्लूमहार्ट निवर्तले व पुत्र क्रिस्टोफ यांनीं काम चालविलें. लोकांस शरीराचा आराम हवा, देवाचें राज्य नको, असें पाहून त्यांनीं पुढें रोगनिवारणाचा गाजावाजा जाणून सोडून दिला. गर्दी ओसरेल हें त्यांस कळत नव्हतें असें नाहीं! आमच्या इकडच्या चंगाई सभांचे जाहीरनामे वाचतांना आम्हांस हे पुत्र फार आठवतात.

येत्या रविवारीं भक्ति संपल्यावर, गेल्या वर्षीं ज्या घरचा रोगी प्रार्थना करूनही बरा झाला नाहीं, त्या घरीं आम्ही प्रथम जाणार आहों. आपण कोठें जाणार?