करकोच्याचा धडा

शास्त्रपाठ : यिर्मया ८:४–७, अनुवाद २२:६, ७, मत्तय ६:२५–३४



यिर्मया संदेष्टा यरुशलेमकरांस पश्चात्तापाची विनवणी करून थकला, तेव्हां त्यानें त्यांस आकाशाकडे पाहावयास लाविलें. करकोच्याला आपल्या जाण्यायेण्याचा काळ कळतो, पण देवाच्या प्रजेला आपल्या देवाचा नियम कळत नाहीं, असा त्याच्या बोलण्याचा भाव आहे. वसंतऋतूंत पांढरे करकोचे आफ्रिकेंतून युरोपाकडे जातांना कनान देशावरूनच थव्याथव्यांनीं जातात. म्हणून हा दाखला त्याच्या श्रोत्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेला होता.

आम्हांसही तो शोधावयास दूर जाणें नको. इंदापूर गांवांत कचेरीच्या आवारांतील जुन्या चिंचांवर आणि भादलवाडीच्या तळ्यांतील बाभळींवर चित्रबलाक पक्षी घरटीं बांधितात. हा करकोच्याच्याच कुळांतला. लांब पिंवळी चोंच, छातीवर काळा पट्टा, शेपटाजवळ गुलाबी पिसें, अशी त्याची ओळख आहे. त्याच्यापासून आम्ही तीन गोष्टी शिकूं.

पहिली गोष्ट, तो समय ओळखतो. उत्तर हिंदुस्थानांत हा पक्षी पावसाळा सरतां सरतां घरटें करितो, दक्षिणेकडे त्याहून उशिरां. कारण पिलांनीं तोंड उघडावें तेव्हां जवळच्या पाण्यांत मासळी असलीच पाहिजे. तळ्यांतील झाडाभोंवतीं पाणी असेल तर मांजर व कोल्हा पिलांपर्यंत पोहोंचत नाहीं. पाऊस ओढ देऊन तळें आटलें, तर तो तेथें घर मांडीत नाहीं. आम्हीही पुष्कळ समय ओळखतों. ऊस कधीं तुटावा, कालव्याची पाळी कधीं येणार, हें आमच्या घरांतील पोरही सांगेल. परंतु ज्या भावाशीं बांधावरून दोन वर्षें बोलणें नाहीं, तो प्रभुभोजनाच्या वेळीं पलीकडच्या सतरंजीवर बसलेला असतां, समेटाचा समय आला हें आम्हांस कळूं नये काय? अर्पण वेदीपाशीं ठेवून आधीं भावाकडे जावें, असें प्रभूनें शिकविलें आहे. तें काम पुढल्या सुगीवर टाकूं नका.

दुसरी गोष्ट, तो श्रम करितो आणि विश्वासानें करितो. गढूळ पाण्यांत तो अर्धी उघडी चोंच बुडवून चालतो व पायानें तळ ढवळितो. मासा त्यास दिसत नाहीं. चोंचीस लागला म्हणजे ती झटकन मिटते. आकाशांतील पांखरांना स्वर्गीय पिता पोसतो असें प्रभु म्हणाला, परंतु घरट्यांत बसून राहणाऱ्या पांखराच्या चोंचींत तो दाणा घालीत नाहीं. पुढें काय आहे हें दिसत नसतां पाण्यांत उतरणें हा पांखराचा भाग. पाण्यांत मासा ठेवणें हा पित्याचा भाग. कोरडवाहू रानांत पेरणी करणाऱ्या मनुष्यास हें अधिक समजावून सांगणें नको.

तिसरी गोष्ट, तो छाया करितो. इब्री भाषेंत करकोच्याचें नांव हसीदा आहे, आणि तें एकनिष्ठ दया ह्या अर्थाच्या शब्दापासून आलें आहे. भर उन्हांत घरट्यापाशीं पंख पसरून उभे असलेले आईबाप पाहिले म्हणजे ह्या नांवाचें मर्म कळतें. ऊन त्यांच्या पाठीवर पडतें व सावली पिलांवर. प्रभु येशूनें वधस्तंभावर आम्हांसाठीं जें केलें, त्याची ही लहानशी प्रतिमा आहे.

परंतु येथें भीमाकांठचा एखादा वृद्ध बंधु आम्हांस थांबवील व विचारील, "पांखरांचें ठीक आहे, माझें काय?" त्याचा प्रश्न खरा आहे. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें. त्या पाण्याखालीं इंदापूर तालुक्यांतील गांवें, मळे व विहिरी गेल्या. पळसदेवचें जुनें देऊळ पाणी उतरतें तेव्हां अजूनही वर दिसतें. त्याच जलाशयांत भिगवण, कुंभारगांव, डिकसळ येथें हिवाळ्यापासून रोहित पक्षी हजारोंनीं उतरतात, आणि हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. बापाचें शेत बुडालें व त्यावर परदेशचीं पांखरें पोसलीं, असें कोणी म्हटलें तर त्यास झटकन वचन दाखवून गप्प करणें हें उपदेशकाचें काम नव्हे.

आम्ही एवढें म्हणतों. माणसांनीं जें ठरविलें त्याचा दोष देवावर नाहीं आणि पांखरावरही नाहीं. मोबदल्याचें व पुनर्वसनाचें गाऱ्हाणें माणसांकडेच न्यावें, आणि मंडळीनें त्या बंधूसोबत चालावें. देवापुढें रडण्यासही मोकळीक आहे. स्तोत्रांचें पुस्तक अशा रडण्यानें भरलेलें आहे. मग पाण्याकडे पाहावें. रोहित पक्षी मान खालीं घालून, चोंच उलटी करून, चिखलाच्या पाण्यांतूनच आपलें अन्न गाळून घेतो. कुंभारगांवचे कित्येक मासेमारी करणारे बंधु आज पक्षी पाहावयास येणाऱ्यांस नावेंत बसवून नेतात, व त्यावर चूल पेटते. ही गेलेल्या जमिनीची भरपाई नव्हे. पण त्या पाण्यावर पिता केवळ पांखरांचाच विचार करीत नव्हता, ह्याची ही खूण आहे. तुम्ही पांखरांहून अधिक मोलाचे आहां, असें आमच्या प्रभूनें भाकरीची चिंता करणाऱ्या गरिबांनाच सांगितलें.

आतां आमचें कर्तव्य. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, घरटें सांपडल्यास पिलांबरोबर आईस धरूं नये. आणि आश्चर्य हें कीं, आईबापांचा मान राखणाऱ्यास कल्याणाचें व दीर्घायुष्याचें जें वचन आहे, तेंच ह्या लहान आज्ञेसही जोडलें आहे. ज्यानें पांखराची आई सोडिली, तो आपल्या आईसही सोडणार नाहीं. म्हणून बारीक विणीचें जाळें टाकून मासळीचें बीजच उपसूं नका. पुण्यापिंपरीचें सांडपाणी मुळामुठेंतून भीमेंत व भीमेंतून ह्याच जलाशयांत येतें. त्यांत आपल्या ओढ्याची घाण मिळवूं नका. दारच्या चिंचेवर घरटीं झालीं तर खालीं विष्ठा पडते, दुर्गंधी सुटते, हें आम्ही जाणतों. तरी पिलें उडेपर्यंत कुऱ्हाड बाजूस ठेवा.

उपदेशक बंधूंस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं महिन्यांतून एकदां रविवारच्या शाळेच्या मुलांस उपासनेनंतर तळ्यावर किंवा माळावर न्यावें. बारामती तालुक्यांत सुप्यास १९९७ पासून मयूरेश्वर अभयारण्य आहे. सुमारें ५ चौरस किलोमीटरांच्या त्या गवताळ माळावर चिंकारा हरणें चरतात. मुलांनीं प्रथम निमूट पाहावें, मग शास्त्र उघडावें. पांचव्या दिवशीं देवानें पांखरें केलीं व तीं चांगलीं आहेत असें पाहिलें, हें उत्पत्तींत वाचलेलें वचन त्यांस मग कधीं विसरावयाचें नाहीं.

हे प्रभो, करकोच्यास तूं समय शिकविलास, आम्हांसही शिकीव. ज्याचें घर बुडालें त्यास तुझ्या पंखांखालीं घे, आणि आमचे हात त्याच्यासाठीं पसरावयास लाव. आमेन.