निनवेची मुले

एखादे राज्य बुडाले म्हणजे ज्या विचाराने ते उभारले तोही बुडाला, असे आपण सहज धरून चालतो. 23 मार्च 2019 रोजी सीरियातील फरात नदीकाठच्या बागूझ या गावी 'इस्लामिक स्टेट'च्या हातचा शेवटचा तुकडा गेला, तेव्हा अनेकांनी असेच धरले. 29 जून 2014 रोजी घोषित झालेली ती खिलाफत एके काळी जवळजवळ ब्रिटनएवढ्या प्रदेशावर हुकूम चालवीत होती. आता तेथे तिची वीतभरही भूमी उरली नव्हती. परंतु महिना उलटण्याच्या आत, 21 एप्रिलला, पुनरुत्थानाच्या रविवारी, श्रीलंकेत कोलंबो, निगोम्बो व बट्टिकलोआ येथील चर्चमध्ये आणि कोलंबोतील हॉटेलांत अडीचशेहून अधिक माणसे बॉम्बस्फोटांत मृत्यू पावली. मारेकऱ्यांनी खलीफा म्हणविणाऱ्या अबू बक्र अल-बगदादीच्या नावाने शपथ वाहिली होती. पुढे बगदादीही मेला, तरी मार्च 2024 मध्ये मॉस्कोजवळच्या सभागृहात त्याच संघटनेच्या खोरासान शाखेने शंभराहून अधिक श्रोते मारले.

याआधीही असे घडून गेले आहे. 2006 नंतर इराकमधील सुन्नी टोळ्यांनी अमेरिकन सैन्याच्या साथीने या संघटनेच्या पूर्वावताराला जवळजवळ निपटून काढले. एप्रिल 2010 मध्ये तिचे दोन्ही प्रमुख एकाच छाप्यात मारले गेले. चार वर्षांनी तीच संघटना मोसलमध्ये शिरली. मधल्या काळात त्या टोळ्यांना दिलेली आश्वासने बगदादच्या सरकारने नीट पाळली नाहीत, शेजारी सीरियात 2011 पासून यादवी पेटली, आणि तुरुंगांनी शाळेचे काम केले. दक्षिण इराकमधील बुक्का येथील अमेरिकन तळावर 2004 साली डांबलेल्या कैद्यांत बगदादीही होता. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात अशुद्ध आत्मा निघून गेल्यावर झाडून लोटून ठेवलेल्या, पण रिकाम्या राहिलेल्या घराविषयी प्रभू बोलतो. आपण ते वचन एकेका माणसाच्या अंतःकरणाला लावतो. प्रभूने मात्र शेवटी ते एका सबंध पिढीला लावले होते.

ती पिढी आज कोणती? बागूझ पडताना तेथून हजारो स्त्रिया व मुले बाहेर पडली. ईशान्य सीरियातील अल-होल या छावणीत त्या वर्षी सत्तर हजारांहून अधिक जीव कोंबले गेले, आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. कित्येक मुले परदेशी नागरिकांची होती, आणि त्यांच्या देशांनी त्यांना परत घेण्यास वर्षानुवर्षे टाळाटाळ केली. ब्रिटनने फेब्रुवारी 2019 मध्ये एका तरुणीचे नागरिकत्व काढून घेतले. पुढच्याच महिन्यात तिचे तान्हे मूल छावणीत मेले. किशोरवयात आलेल्या मुलग्यांना आयांपासून तोडून अटकेत नेण्यात येई. जानेवारी 2022 मध्ये हसाका येथील तुरुंगावर 'इस्लामिक स्टेट'ने हल्ला केला, तेव्हा आत शेकडो अल्पवयीन मुलगे कोंडलेले होते. त्यांच्यावर खटला चाललेला नव्हता. ते कोणाचे मुलगे, एवढेच पुरेसे ठरले होते.

येथे मला योनाची आठवण होते, आणि तीही उगाच नव्हे. मोसलला लागून, तैग्रिसच्या पूर्वतीरावर, प्राचीन निनवेचे अवशेष आहेत. मुसलमान व ख्रिस्ती दोघेही ज्याला योनाची कबर मानून आदर देत, ते स्थान 'इस्लामिक स्टेट'ने 24 जुलै 2014 रोजी सुरुंग लावून उडवले. त्याच महिन्यात मोसलमधील ख्रिस्ती घरांवर 'नून' हे अरबी अक्षर रंगवले गेले, आणि शतकानुशतके तेथे नांदलेली मंडळी नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडली. 3 ऑगस्टला सिंजारवर धाड पडली. हजारो यझिदी मारले गेले व पळवले गेले. त्यांच्या स्त्रिया व मुली बाजारात विकल्या गेल्या.

आपल्या प्रवचनांतून योनाची फार लवकर थट्टा केली जाते. त्याचा राग पोकळ नव्हता. निनवे ही अश्शूरांची नगरी होती, आणि अश्शूरांनी इस्राएलाचे काय केले हे शास्त्राच्या वाचकाला सांगावयास नको. निनवेवर दया होऊ नये असे म्हणणाऱ्यापाशी कारणे होती. आज मोसलविषयी तसे म्हणणाऱ्या यझिदी मातेपाशीही आहेत. परंतु योनाचे पुस्तक देवाच्या एका प्रश्नाशी थांबते, आणि त्यात उजवा-डावा हात न कळणाऱ्या एक लाख वीस हजारांहून अधिक जिवांचा उल्लेख येतो. अनेक भाष्यकार त्यांचा अर्थ लहान मुले असा घेतात.

यावर कोणी म्हणेल, सगळी मुले अजाण नव्हती. खरे आहे. खिलाफतीने मुलांना 'छावे' म्हणून शस्त्रे चालवण्यास शिकवले आणि काहींच्या हातून हत्याही करविल्या. तेव्हा कृत्य पाहून न्याय व्हावा. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायाचा भरही पित्याचा दोष पुत्राच्या माथी न मारण्यावरच आहे. दयेसाठी न्यायालय वगळावे असे मी म्हणत नाही. इराकमध्ये कित्येक खटले काही मिनिटांत उरकून फाशी सुनावली गेली, आणि ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांना बोलावलेही गेले नाही. याउलट फ्रँकफुर्टच्या न्यायालयात एका यझिदी मातेने, उन्हात साखळीने बांधलेली आपली पाच वर्षांची मुलगी कशी मेली ते सांगितले. 30 नोव्हेंबर 2021 रोजी आरोपी यझिदींच्या वंशसंहाराबद्दल दोषी ठरला; असा निकाल जगात पहिलाच. कोणाचे ऐकून घेतले गेले, हाच मला या दोहोंमधील मुख्य भेद वाटतो.

क्षमेचे काय? 7 मार्च 2021 रोजी काराकोशच्या चर्चमध्ये पोप फ्रान्सिस यांच्यासमोर एका मातेने, 2014 च्या तोफमाऱ्यात मेलेल्या आपल्या मुलाची हकिकत सांगून, मारणाऱ्यांना क्षमा केली. तो अधिकार तिचा होता. पुण्यात किंवा इंदुरात बसून तिच्या वतीने क्षमा वाटण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि यझिदी स्त्रियांनीही तसेच करावे अशी अपेक्षा धरणे हा उद्धटपणा होईल. आपल्यापुढचे काम त्याहून लहान आहे, पण माझ्या मते सोपे नाही. 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण इराककडे गेले, तेव्हा चौघांवरून सबंध वस्तीकडे बोट दाखवणे किती सुलभ होते, ते आठवून पाहा.

मोसलमध्ये मात्र हा प्रश्न कागदावर येऊन अडला. खिलाफतीच्या काळात जन्मलेल्या मुलांना तिच्या शिक्क्याचे दाखले मिळाले होते. इराकी शासनाने ते मानले नाहीत. नवा दाखला हवा तर पित्याविषयी सुरक्षा खात्याची ना-हरकत हवी. पिता मेलेला, बेपत्ता किंवा तुरुंगात. शेजारी व टोळीचे वडीलधारे साक्ष देण्यास कचरत, कारण त्यांच्यापैकी अनेकांच्या घरची माणसे त्याच पित्यांनी मारली होती. दाखला नाही म्हणून शाळा नाही, आणि वर्ग भरलेला असताना ती मुले बाहेर रस्त्यावर.